फील्ड मोठं होतं

सरासरीकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव ठाण्यातल्या त्यांच्या सोसायटीच्या पाटीवर आहे, ते तिथेच राहू दे. पत्ते हातात आले की हा गृहस्थ दर तिसऱ्या वाक्याला ‘सरासरीने बघितलं तर’ म्हणतो, म्हणून आमच्या शनिवारच्या कंपूने हे नाव ठेवलं आणि त्यांनी ते मानद पदवीसारखं स्वीकारलं. पोकर खेळणाऱ्या प्रत्येक कंपूत असा एक सरासरीकर असतोच. पन्नाशी ओलांडलेली, केस मागे सरकत चाललेले, दहावीला गणितात बरे मार्क आणि आपण उत्तम खेळतो याविषयी मनात तिळमात्र शंका नाही. शंका असलीच तर ती इतरांना, आणि तीही निकाल पाहिल्यामुळे.

म्हणून सरासरीकरांना निकाल विचारायचा नसतो, फील्ड विचारायचं असतं. फील्ड म्हणजे स्पर्धेत किती जण उतरले होते तो आकडा. पोकरची स्पर्धा तशी सरळ असते. सगळ्यांनी सारखी फी भरायची, सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात, चिप्स संपल्या की उठायचं, आणि शेवटी सगळ्यांच्या चिप्स ज्याच्यापुढे गोळा होतात तो पहिला. शंभरातल्या वरच्या बारा-पंधरा जणांना काहीतरी मिळतं, बाकीच्यांना अनुभव.

‘काय सरासरीकर, गोव्याला काय झालं?’

‘फील्ड मोठं होतं हो. व्हेरियन्स!’

व्हेरियन्स म्हणजे नशिबाचे हेलकावे. पण नशीब म्हटलं की माणूस अडाणी वाटतो आणि व्हेरियन्स म्हटलं की अभ्यासू, एवढा भेद त्यांनी ओळखलेला आहे. शनिवारी आमच्याकडे आठ जणांत ते तिसऱ्याच डावाला उठले, तर कारण उलटं. ‘फील्ड लहान होतं. आठ जणांत कसब दाखवायला जागा कुठे असते?’ एकदा कुठेतरी साठ-सत्तर जणांची स्पर्धा झाली. तिथून आल्यावर म्हणाले, ‘धड लहान नाही, धड मोठं नाही. अशा फील्डला खेळूच नये.’ आजवर एकाही स्पर्धेचं फील्ड त्यांच्या मापाचं निघालेलं नाही.

आता गंमत अशी, की या माणसाचं गणित चुकीचं नाही. ते चुकीचं असतं तर आम्ही केव्हाच सुटलो असतो. शनिवारी आम्ही जमतो ते संख्याशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरी. पैसे लावायचे नाहीत हा सरांचा नियम. सर्वांत आधी जो बाद होईल त्याने रविवारी सकाळी सगळ्यांना मिसळ खिलवायची, एवढीच पैज. त्या टेबलावर सरासरीकरांनी आपला सिद्धांत इतक्या वेळा मांडलाय की सरांच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही तो पाठ आहे.

‘सर, मला सांगा, साध्या खेळाडूला आपल्या चिप्स दुप्पट करायची संधी किती? शंभरात पन्नास. माझी धरा पंचावन्न.’

‘का धरायची?’

‘उदाहरणापुरती.’

उदाहरणापुरती धरलेली ही पंचावन्न पुन्हा कधीच खाली ठेवली जात नाही.

‘आठ जणांत पहिलं यायचं तर तीनदा दुप्पट व्हायला लागतं. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. साधा माणूस आठ स्पर्धांत एकदा जिंकणार, मी सहांत एकदा. फायदा किती? जेमतेम एक तृतीयांश. आता १२८ जण घ्या. सातदा दुप्पट. साधा माणूस १२८ स्पर्धांत एकदा, मी ६६ स्पर्धांत एकदा. जवळजवळ दुप्पट! आता ८,१९२ जण घ्या. तेरा वेळा दुप्पट. साधा माणूस ८,१९२ स्पर्धांत एकदा आणि मी २,३७० स्पर्धांत एकदा. जवळजवळ साडेतीनपट! म्हणजे फील्ड जितकं मोठं, तितकी माझी एज मोठी.’

एज म्हणजे इतरांपेक्षा आपलं जे काही सरस आहे ते. सरांना हा हिशेब मान्य आहे. दुपटीची ही मांडणी बिल चेन आणि जेरॉड अँकेनमन यांच्या २००६च्या ‘द मॅथेमॅटिक्स ऑफ पोकर’मध्ये आहे, असंही ते सांगतात. त्यामुळे हा सिद्धांत आपल्याला मांडवी एक्स्प्रेसमध्ये सुचला असं सांगणारे सरासरीकर क्षणभर थबकतात. शिवाय मोठ्या फील्डला आणखी एक गोष्ट असते, तीही खरी. तरबेज खेळाडू कुठल्याही गावात मोजकेच. आठांचे आठशे होतात ते हौशी लोक आल्यामुळे. कुणी वाढदिवसाची भेट म्हणून आलेला, कुणी ऑफिसच्या चौघांबरोबर आलेला, कुणाला गुलाम मोठा की राणी हे शेजाऱ्याला विचारावं लागतं. अशांना पोकरच्या भाषेत फिश म्हणतात. फील्ड वाढतं तसे मासे वाढतात आणि कसबी माणसाचं सरासरी उत्पन्नही वाढतं.

‘बरं,’ सर म्हणतात, ‘आठ हजार माणसांची स्पर्धा वर्षातून किती वेळा खेळाल?’

‘एकदा धरा.’

‘मग २,३७० वर्षांत एकदा पहिले याल. म्हणजे चंद्रगुप्त मौर्य गादीवर बसायच्या आधी तुम्ही खेळायला बसला असतात, तर आत्ता आत्ता कुठे तुमचा नंबर लागायला हवा होता.’

‘पण साधा माणूस आठ हजार वर्षं थांबला असता!’ सरासरीकर विजयाने म्हणतात.

‘आणि हे सरासरीने झालं. २,३७० वर्षं खेळूनही एकदाही न जिंकायची शक्यता शंभरात सदतीस उरतेच.’

यावर सरासरीकर पत्ते पिसायला घेतात. त्यांना आवडणारी सरासरी वेगळी आहे. तिच्यात वाट पाहावी लागत नाही.

पोकरच्या इतिहासावर त्यांचा अधिकार मोठा. लास वेगास त्यांनी पाहिलेलं नाही (‘अमेरिकेच्या व्हिसाचं फील्ड केवढं आहे बघा!’), पण तिथल्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचे आकडे त्यांना तोंडपाठ. ही स्पर्धा १९७०मध्ये बिनियन्स हॉर्सशू या कॅसिनोत सुरू झाली आणि पहिल्या वर्षीचा विजेता, जॉनी मॉस, खेळाडूंनी चक्क मतं देऊन निवडला. ही पद्धत सरासरीकरांना मान्य नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीपदाला ते एकदा उभे होते. दोनच उमेदवार होते, आणि दोनाच्या फील्डला व्हेरियन्स फार.

पुढचे सगळे विजेते त्यांनी फील्डप्रमाणे तोलून ठेवलेत. डॉयल ब्रन्सन १९७६ आणि १९७७ असा लागोपाठ दोनदा जगज्जेता झाला. आम्ही भारावून जायच्या आत सरासरीकर विचारतात, ‘पण फील्ड किती? पहिल्या वर्षी २२, दुसऱ्या वर्षी ३४! आमच्या मुंजीत पहिल्या पंगतीला याहून जास्त माणसं होती.’ २००३ साली टेनेसीतला क्रिस मनीमेकर नावाचा एक अकाउंटंट ८६ डॉलरची ऑनलाइन पात्रता स्पर्धा जिंकून दहा हजार डॉलर फीच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि ८३९ जणांत पहिला येऊन पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला. आडनाव खरंच मनीमेकर. सरासरीकर त्याचं नाव जरा कडवटपणाने घेतात, कारण त्याच्यामुळे जगातल्या यच्चयावत अकाउंटंटना आपणही हे करू शकतो असं वाटायला लागलं. पुढच्या वर्षी २,५७६ जण आले, २००६ला ८,७७३, आणि २०२३ला १०,०४३. त्या साली १,५०७ जणांना बक्षीस मिळालं, पण त्यातलं सर्वांत लहान १५,००० डॉलरचं, म्हणजे फीच्या दीडपट. पहिलं मात्र एक कोटी एकवीस लाखांचं. मोठ्या फील्डमधला बहुतेक नफा असा वरच्या मोजक्या खुर्च्यांवर जाऊन बसलेला असतो. बाकीचे दीडपट घेऊन येतात आणि घरी विमानाचं तिकीट सोडून हिशेब सांगतात.

‘तरीही कसब चालतं!’ सरासरीकर टेबलावर बोट आपटतात. ‘डॅन हॅरिंग्टन बघा. २००३ला ८३९ जणांत तिसरा आणि पुढच्याच वर्षी २,५७६ जणांत चौथा. साधा माणूस लागोपाठ दोन्ही वर्षी शेवटच्या नऊ जणांत पोचण्याची शक्यता जवळजवळ सत्तावीस हजारांत एक.’

‘खरं आहे,’ सर म्हणतात. ‘पण जिंकला तो १९९५ला. तेव्हा २७३ जण होते.’

सरासरीकरांचा खरा देव मात्र मार्क न्यूहाउस. २०१३ला ६,३५२ खेळाडूंत तो शेवटच्या टेबलावर पोचला आणि त्या टेबलावरून पहिला उठला, नववा. २०१४ला ६,६८३ खेळाडूंत पुन्हा शेवटच्या टेबलावर पोचला आणि पुन्हा नववा. लागोपाठ दोन्ही वर्षी शेवटच्या टेबलावर पोचणं साध्या माणसाला सव्वापाच लाखांत एकदा जमेल. हा किस्सा सांगताना सरासरीकरांचे डोळे भरून येतात. एवढं कसब, एवढं दुर्दैव आणि तेही एकाच खुर्चीत. आपलं चरित्र कुणी लिहिलं तर असंच लिहावं, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर असतो. फक्त शेवटच्या टेबलापर्यंत पोचायचा भाग राहिला आहे.

सरासरीकर दर वर्षी गोव्याला जातात. मांडवी एक्स्प्रेसने करमळीला उतरून मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजावर. वर्षाचं रजेचं फील्ड लहान, त्यामुळे समुद्राकडे बघायला वेळ नसतो. जेट्टीवरून छोट्या बोटीत बसल्यापासून माणसं मोजायला सुरुवात होते. गोव्यातल्या रहिवाशांना २०२०पासून या कॅसिनोंत प्रवेशबंदी आहे. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की २०११च्या जनगणनेप्रमाणे साडेचौदा लाख माणसांचं राज्य, त्यात किती फिश असतील, आणि सगळे बाहेर! गोव्याला जाऊन मासे मिळाले नाहीत अशी तक्रार करणारा हा पहिलाच ठाणेकर.

मागच्या खेपेला मी त्यांच्याबरोबर होतो, खेळायला नव्हे, साक्षीदार म्हणून. दुपारी त्यांच्या चिप्स गेल्या. राजाची जोडी होती, समोर एक्क्याची जोडी आली. अशा वेळी राजावाला शंभरातल्या साधारण अठरा वेळाच वाचतो. ते शांतपणे उठले आणि पुन्हा फी भरून आत आले, कारण नियमाने तशी मुभा असते. तासाभराने पुन्हा गेल्या, पुन्हा भरली. मग भिंतीवरच्या पडद्याकडे बघून माझ्या कानात म्हणाले, ‘बघा, सकाळपासून फील्ड कसं फुगत चाललंय!’ पडद्यावरचा आकडा माणसांचा नसून भरलेल्या फीचा असतो. त्या फुगवट्यात तीन सरासरीकर होते, आणि दुसऱ्या दोघांशी आपल्याला स्पर्धा करावी लागतेय याचं त्यांना मनापासून दडपण आलेलं दिसत होतं.

रात्री खेळाने वेग घेतला. स्पर्धेत दर डावाला सक्तीने लावायची रक्कम, म्हणजे ब्लाइंड, ठरावीक मिनिटांनी वाढत जाते. ती झपाट्याने वाढली की प्रत्येकाकडे दहा-पंधरा ब्लाइंडपुरत्या चिप्स उरतात आणि विचार करायला जागाच राहत नाही. ऑल-इन व्हायचं, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावायच्या, किंवा पत्ते टाकायचे. म्हणून मोठं फील्ड कसबी माणसाच्या फायद्याचं असतं ते ब्लाइंड सावकाश वाढत असतील तर. वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत एक टप्पा दोन तास चालतो. इथे पाणी मागवून येईपर्यंत टप्पा बदलत होता. शिवाय शंभरात ऐंशी वेळा जिंकायचे पत्ते घेऊन पाच वेळा ऑल-इन झालात, तरी पाचही वेळा वाचण्याची शक्यता तेहतीस टक्केच. हा हिशेब सरासरीकरांनी मला जहाजाच्या डेकवर नीट समजावून सांगितला. तेव्हा त्यांना बाहेर पडून पंचवीस मिनिटं झाली होती आणि ते अगदी प्रसन्न होते. चांगलं खेळून हरल्याचं समाधान त्यांच्याइतकं कुणीच मिळवत नाही.

ऑनलाइन पोकर चालू होतं तेव्हा दर रविवार त्यांना सणासारखा होता. बायको-मुलं झोपली की हजारोंचं फील्ड मोबाइलमध्ये जमायचं. मग ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. दुसरे लोक पैसे वाचले म्हणून सुटकेचा निःश्वास टाकत होते किंवा बोटं मोडत होते. सरासरीकरांचं दुःख वेगळंच होतं. ‘एका रात्रीत सगळं फील्ड गेलं हो. आता राहिले तुम्ही सात.’ हे वाक्य त्यांनी आमच्यासमोर, आमच्या तोंडावर म्हटलं.

आणि तिथेच त्यांची खरी अडचण सुरू झाली, कारण आम्ही आठ जण गेली कित्येक वर्षं दर शनिवारी खेळतोय आणि सर दर शनिवारचा निकाल एका वहीत लिहितात.

अशी माणसं का तयार होतात, हे मला त्या वहीमुळे कळलं. कुस्तीच्या फडात उतरलेल्या पैलवानाला आपण किती पाण्यात आहोत हे संध्याकाळपर्यंत पाठीला लागलेल्या मातीवरून कळतं. पोकरमध्ये माती लागली तरी ती नशिबाची आहे की आपल्या कर्माची, हे ठरवायला फार डाव लागतात, आणि फील्ड जितकं मोठं तितके जास्त. मोठ्या फील्डमध्ये कसबी माणसाची एज वाढते हे खरंच. पण ती दिसायला लागणारा काळ तिच्यापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो. कसब असलेल्या माणसाला हा शाप आहे. नसलेल्याला यासारखा आसरा नाही. दहा हजारांत हरलेला माणूस उत्तम खेळाडूही असू शकतो, आणि तो आपण आहोत असं मानायला कोणाची परवानगी लागत नाही.

परवाच्या शनिवारी सरांनी वही मिटली आणि चष्मा काढला.

‘सरासरीकर, आठ जणांच्या डावात तुमचे पंचावन्न टक्के खरे की नुसतं नशीब, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगायला साधारण सव्वातीनशे डाव लागतात. आज ३२५ भरले. पंचावन्न टक्क्यांचा माणूस एवढ्यात चोपन्नच्या आसपास वेळा पहिला आला असता. साधा माणूस एक्केचाळीसच्या आसपास.’

‘आणि मी?’

‘एक्केचाळीस.’

टेबलावर शांतता पसरली. मिसळीची पैज कोण हरलं होतं हेही कुणी विचारलं नाही. आम्हाला वाटलं, आता हा गृहस्थ उठून जाणार. सरासरीकरांनी वही जवळ ओढली, दोन पानं उलटली, मोबाइल काढला, काहीतरी गुणलं आणि एकदम विचारलं, ‘सर, हीच खात्री आठ हजारांच्या फील्डला करायची तर किती स्पर्धा लागतील?’

‘फक्त पहिला नंबर मोजला तर? ढोबळमानाने एकोणीस हजार.’

‘म्हणजे मी एकोणीस हजार स्पर्धा खेळेपर्यंत, मला खेळता येत नाही असं शास्त्रशुद्धपणे कुणालाही म्हणता येणार नाही?’

‘नाही म्हणता येणार,’ सर म्हणाले. ‘पण येतं असंही म्हणता येणार नाही.’

‘तेवढं मी म्हणेन ना,’ सरासरीकर म्हणाले, आणि त्यांनी पत्ते वाटायला घेतले.